पदराच्या गाठीतला गूळ

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटायचं, ही बाई जन्मापासूनच भाविक दिसते. तशी मी नव्हते. लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आले, पदरात एक मुलगी आली आणि पंचविशी गाठायच्या आत मला साखरेचा आजार लागला. म्हाताऱ्यांना होतो तो गोळ्यांवर भागणारा नव्हे, रोज सुई मागणारा. डॉक्टर भले होते. म्हणाले, "ताई, हे कायमचं आहे. पण वेळेवर सुई आणि वेळेवर जेवण, एवढं सांभाळलं की तुम्ही चारचौघींसारख्याच." मी त्यातलं फक्त 'कायमचं' तेवढं घरी घेऊन आले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे फ्रीज नव्हता. औषधाची बाटली डब्यात घालून माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवायची, काचेची सुई रोज सकाळी उकळायची. त्यासाठी एक पातेली वेगळी होती, तिच्यात चहासुद्धा करायचा नाही. पहिल्या वर्षी सगळे विचारपूस करायचे. मग रोज मरे त्याला कोण रडे! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मायाळू होत्या, पण जुन्या वळणाच्या. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कोणी घास तोंडात घालायचा नाही. नैवेद्याला उशीर झाला आणि माझे हात थरथरायला लागले की म्हणायच्या, जरा दम काढ गं. मी दम काढायची आणि आतल्या आत चिडायची. आजाराचा त्रास एकवेळ सोसला असता. पण उद्या हेच, परवाही हेच, या विचाराचा वीट आला होता.

श्रावणात गावातल्या बायका त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला निघाल्या, तेव्हा मी हट्टानं त्यांच्यात सामील झाले. मनात नवस होता. सोमवारची फेरी निरंकार करायची, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि देवाला एकच मागायचं: माझी सुई सोडव. घरी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, झेपेल का तुला? आत्याबाई म्हणाल्या, देवाच्या वाटेवर काही होत नाही. मी म्हटलं, झेपेल.

पण सवय वाईट. पहाटे उठले, पातेली चुलीवर ठेवली, सुई टोचली आणि बाटली परत वाळूत नेऊन ठेवली. हातच ते, रोजचं काम करून मोकळे झाले. एसटीत बसल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुई घेतली म्हणजे आता खायला हवं. आणि खाल्लं तर नवस मोडला. शेजारी माझी मोठी जाऊ बसली होती. तिला सांगावं असं तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. म्हटलं, देव बघतोय ना, मग बघू दे.

त्र्यंबकला कुशावर्ताच्या कुंडात पाय बुडवून निघालो. वाटेतल्या पहिने गावापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होते. झिमझिम चालू होती, वाटेत चिखल, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. पहिने मागे पडलं आणि पाय जड झाले. जावेला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. ती थांबायला तयार होती, मीच तिच्यावर खेकसले. साखर उतरली की माझं तोंड सुटतं, हे तिला तरी काय माहीत. ती गेली आणि मी बांधावर टेकले. पावसातही घाम फुटला. माणसं दिसत होती, पण पाण्याखालून दिसावी तशी. जाणारे 'हर हर महादेव' म्हणत जात होते, दमली असेल बिचारी असं वाटून कोणी थांबत नव्हतं. मुलीचं नाव आठवेना, तेव्हा मात्र मी घाबरले. आज आपण घरी जात नाही, एवढं स्वच्छ कळलं.

तेवढ्यात एक बाई समोर येऊन उकिडवी बसली. वयानं माझ्या आईएवढी, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिनं माझ्या मानेला हात लावून घाम बघितला आणि विचारलं, "तुले साखर शे का व माय?" बोली सटाण्याकडची. मी मान हलवली असेन. तिनं पदराची गाठ सोडली, आत गुळाचा खडा होता. तो तिनं माझ्या ओठांशी धरला आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं. कसंबसं म्हटलं, उपास आहे, निरंकार.

तिनं हात मागे घेतला नाही. म्हणाली, "मनी पोर बी अशीच बशेल व्हती. मी तिना उपास मोडू दिधा नई."

तिची पोरही अशीच बसली होती, आणि आईनं तिला उपास मोडू दिला नव्हता. मी तोंड उघडलं.

गूळ विरघळला तसं जग हळूहळू जागेवर आलं. मग तिनं पिशवीतून भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला. अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. श्रावणी सोमवारी, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, दोघी भाकरी खात बसलो होतो आणि फेरीतली माणसं आमच्याकडे बघत जात होती. तिनं तुटक तुटक सांगितलं. तिची पोरही सुईवर होती. सोमवार धरला होता. चक्कर येते म्हणाली, तर आईनं सांगितलं, दिवा लागेपर्यंत दम काढ. दिवा लागला तेव्हा पोर उरली नव्हती. तेव्हापासून ही आई दर श्रावणात फेरीला येते, सोमवारीच येते, आणि उपास धरत नाही. मला रडू आवरेना. तिनं स्वतःचे डोळे पुसले नाहीत, माझे पुसले. ज्याचं जळतं त्याला कळतं.

त्र्यंबकपर्यंत ती माझ्या दंडाला धरून चालली. कुशावर्ताच्या गर्दीत जाऊबाई मला बघून रडत पुढे आल्या. मी मागे वळले तर ती नव्हती. जाऊबाई आजही म्हणतात, ती साक्षात गंगामाई. मी वाद घालत नाही. मला तिच्या बोटांना लागलेला ठेचा आठवतो. देवळात गेल्यावर मागायचं ठरलेलं मागवेना. आत जाऊन मी नुसती उभी राहिले आणि म्हटलं, आहे हे असं आहे, तू बघ आता.

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. उपास मोडला म्हणून त्या बोलतील असं वाटलं होतं. 'दम काढ' या शब्दापाशी त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुई झाली आणि नैवेद्याच्या आधी त्यांनी माझं ताट वाढलं. म्हणाल्या, "तू खा. देवाला मी सांगते." त्यांच्या आयुष्यात देव पहिल्यांदाच थांबला होता. पुढे त्या होत्या तोवर रोज थांबला.

आता घरात फ्रीज आहे, काचेची सुई केव्हाच गेली, मुलीचं लग्न झालं. माझं 'कायमचं' तेवढं आहे तसंच आहे. त्याच्याशी भांडायचं मात्र मी सोडलं. एखाद्या सकाळी अजून वीट येतो, नाही असं नाही. श्रावणात फेरीला जाते, खाऊन जाते, पदराला गुळाची गाठ बांधून जाते. बांधावर कोणी एकटी बसलेली दिसली की आधी तिची मान बघते.

त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, तिच्या पोरीचंही राहिलं. रोज सकाळी सुई टोचून झाली की मी पहिला घास हातात घेते आणि त्या पोरीला म्हणते, खाई ले माय.