चौथी जागा मंदाची

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही रोवणीला वाकलेल्या होतो. हातातले पऱ्हे, लावायची धानाची रोपं, हातातच राहिली. माझी मैत्रीण, जेमतेम पन्नाशीची, सकाळी चहा पिता पिता गेली… मला अजून राग येतो. देवावरही येतो.

मंदाचं आणि आमचं सगळ्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. अड्याळकडच्या पुनर्वसनातल्या घरात तिनं एक खोली स्पॅनिशसाठी राखली होती. हो, स्पॅनिश! लेक नागपुरात नोकरीसाठी शिकायची, तिचे धडे ऐकता ऐकता आईच पुढं निघाली. मग आम्हा बायकांना ओढलं. तिचा धाकटा दीर रामाभाऊ हसायचा, “वैनी, स्पॅनिशनं धान पिकते काय?”

“नाई पिकत. तुमी पानठेल्यावर बसता, त्यानं पिकते काय, भाऊजी?”

पूर्वी नेहमी काय करायचो, ते सांगायची क्रियापदं ती धानाच्या बांधीतच, रोवता रोवता घोकून घ्यायची. बिबिर म्हणजे राहणं. रांगेत सहा जणी आणि रूपंही सहा. मी राहायची, बिबिया. तू राहायचीस, बिबियास. ती राहायची, पुन्हा बिबिया. चौथी जागा मंदाची. ‘आम्ही राहायचो’ ती कुणालाच द्यायची नाही. “बिबियामोस!” अशी ओरडायची की धुऱ्यावरचे बगळे उडायचे. ‘आम्ही समुद्राकाठी राहायचो’ असली पुस्तकातली वाक्यं तिला चालत नसत. “समुद्र कायले? आपली नदी सांग. आपून कोठी रायत होतो, काय खात होतो, थे सांग. पाण्यानं गाव नेलं, तोंड नाई नेलं!”

तेरवी झाली आणि रामाभाऊ त्या खोलीत खताच्या बोऱ्या टाकायला निघाला. “शिकवणारीच गेली. आता वर्ग कायचा?”

“टाका,” मी म्हटलं. “आमी बोऱ्यायवर बसून शिकू.”

आम्ही पाच जणी आत जाऊन बसलो. खडू मी घेतला. मला मंदासारखं येत नाही, चुकते, पुढंही चुकेन. कुणाचं काय जातं? बिबिया, बिबियास, बिबिया… आणि सगळ्या थांबल्या. चौथी जागा रिकामी होती. कुणीतरी हुंदका दिला. मग कुणी न सांगता पाचही जणी एकदम ओरडलो, “बिबियामोस!”

रामाभाऊ डोक्यावर बोरी घेऊन दारातच उभा होता. तसाच मागं फिरला. ती बोरी अजून ओसरीत पडून आहे, आणि आत आमचा वर्ग सुरू आहे.