औषधाआधीच आलेला गुण

नळीतला निळा रंग गडद व्हायला लागला. औषध अजून दिलंच नव्हतं.

नव्वदच्या दशकात, कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, मेंदू स्वतःभोवतीचं पाणी किती तयार करतो ते आम्ही बेशुद्ध सशात मोजायचो. मेंदूतल्या पोकळीत निळा रंग मिसळलेलं पाणी संथपणे सोडायचं आणि मानेमागून थेंब थेंब गोळा करायचं. मेंदूने स्वतःचं पाणी जास्त मिसळलं, तर रंग फिका. कमी मिसळलं, तर गडद. शुभांगी या माझ्या विद्यार्थिनीचं औषध हे पाणी कमी करतं का, एवढाच प्रश्न होता. तिची पीएच.डी. त्यावर उभी होती.

त्या दिवशी संस्थेचे चेअरमन आले होते. एचओडी सरांनी ठरवलं, इंजेक्शन साहेबांच्या हस्ते. आधी फेटा, शाल, श्रीफळ, मग भाषणं. ससा टेबलावरच.

"मॅडम, आता इंजेक्शन दिलं तर सगळ्यांना वाटेल औषधानंच झालं," शुभांगी कुजबुजली.

"आणि प्रबंधात काय लिहिशील?"

तिने सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली.

मी सशाचा कान चाचपला. गार. त्याला ऊब देणारा बल्ब जागेवर नव्हता. फोटोत चकाकतो म्हणून सरांनी काढायला लावला होता. शिवाय पाहुण्यांसाठी एसी फुल्ल. बेशुद्ध जनावराला अंग गरम ठेवता येत नाही. ते गारठलं की मेंदूचं पाणीही कमी होतं.

"मॅडम, साहेबांना सिरिंज द्या," सर म्हणाले.

"आत्ता नाही, सर."

"अहो, फोटोग्राफर उभा आहे!"

मी साहेबांकडे वळले. "साहेब, ससा गारठलाय. आत्ता औषध दिलं तर उत्तर खोटं येईल."

शुभांगीने टेबलाची कड घट्ट धरली होती.

साहेबांनी सशाकडे पाहिलं, मग सरांकडे. "थंडीत आमची म्हस बी दूध चोरती की. बंद करा ते एसी. आन् ही शाल घाला त्याला. माझ्या घरात ढीग हाय."

बल्ब परत आला. रंग हळूहळू पहिल्याइतका फिका झाला. तोवर साहेबांचा चहा झाला आणि सरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मग मी दाखवलं तशी साहेबांनी सिरिंज दाबली.

"झालं का गडद?"

"नाही, साहेब."

"आता?"

रंग फिकाच राहिला. पुढच्या सशांतही. 'परिणाम आढळला नाही' असं लिहून शुभांगीने प्रबंध दिला. उशिरा का होईना, मंजूर झाला. पेपरात मात्र साहेबांच्या फोटोखाली 'यशस्वी संशोधन' छापून आलं.

औषध देण्याआधीच गुण दिसला, तर पेढे मागवण्यापूर्वी थर्मामीटर बघावा.