तपासणीपुरती गोळी

वागळे इस्टेटमधल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हाची गोष्ट. तिथं एक पेशंट यायचा. केसपेपरवर त्याचं नाव असायचं, पण आम्ही त्याला बॉयलरवालाच म्हणायचो, कारण जवळच्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचा, शर्टाची बाही स्वतःच गुंडाळायचा आणि मी पट्टा फुगवला की डोळे बारीक करून पाऱ्याकडे बघायचा. ब्लडप्रेशर नेहमी बेताचं निघायचं. डॉक्टर खूश असायचे.

एकदा खोकल्यासाठी तो मधल्याच एका गुरुवारी आला. पारा भलताच वर गेला. मी पुन्हा मोजलं, तरी तेवढाच.

"गोळी रोज घेता ना?"

"रोज कशाला? तपासणीच्या आधी दोन दिवस घेतो ना. इन्स्पेक्टर यायचा असला की बॉयलर पण आम्ही असाच ठेवतो, एकदम टापटीप."

तो हसला. मीही हसलो, पण डॉक्टरांना सांगितलं.

त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला. तो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी दाखवलं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली होती. "दाब असा वरखाली होत राहिला, त्याचं हे."

"परत बसेल का हो ती?" त्यानं विचारलं, आणि उत्तराआधी स्वतःच मान हलवली. "नाय बसत. फुगलेला पाइप आम्ही बदलून टाकतो."

मग बाही गुंडाळून त्यानं हात माझ्यापुढे केला. पाऱ्याकडे मात्र त्यानं बघितलं नाही.