फूटपट्टीकाका आणि उलटी झाडं

तीस वर्षं ज्या माणसानं नळांचे आणि गटारांचे नकाशे काढले, त्याला वाक्यांची झाडं काढायला बसवायचं, हा काय चावटपणा आहे? पण कारखान्यात संगणक आले, फूटपट्टीकाका घरी बसले आणि दिवसभर बायकोच्या पायांत घुटमळू लागले. तेवढ्यात भाषाशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना बोलावलं. बाईंच्या पुस्तकासाठी, वाक्यातला कुठला शब्द कुठल्याशी जोडलाय ते दाखवणाऱ्या झाडासारख्या चौऱ्याऐंशी आकृत्या शाईनं काढायच्या होत्या. त्या जमल्या तर पुढचं पुस्तकही काकांचंच. काका हरखले. पुन्हा रिकामं बसणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

झाडं उलटी होती. मूळ वर, फांद्या खाली, टोकांना एकेक शब्द. बाईंची कच्ची चित्रं म्हणजे नुसती गिचमीड! काकांनी ती आपल्या पद्धतीनं सुधारली. नळाच्या कामात एखादा सांधा वाचत असेल तर वाचवायचा. पाणी काय, पोचतंच. म्हणून जी फांदी उगाच दोन सांधे घेत उतरत होती, ती त्यांनी सरळ वरच्या सांध्याला जोडून टाकली. झाडं कशी देखणी दिसायला लागली!

बाईंनी पहिलंच पान पाहून कपाळाला हात लावला. "अहो काका, काय केलंत हे!"

वाक्य अगदी साधं होतं : मुलीच्या आईने स्वतःला आरशात पाहिलं.

"कोणी कोणाला पाहिलं?" बाईंनी विचारलं.

"आईनं आईलाच."

"बरोबर. कारण 'मुलीच्या' हा शब्द 'आईने'बरोबर एका सांध्याखाली आहे. त्याचा हुकूम त्या सांध्याबाहेर चालत नाही. तुम्ही त्याला वर टांगलंत. आता मुलगीसुद्धा 'स्वतःला'वर हुकूम गाजवणार, म्हणजे 'स्वतःला'चा अर्थ 'मुलीला' असाही होणार!"

"पण शब्द तर सगळे एकाच ओळीत आहेत."

"ओळ नाही बघायची हो. कोण कुठल्या सांध्यातून निघालंय, ते बघायचं."

काकांनी मान डोलावली. डोक्यात काडीचा उजेड पडला नव्हता. शब्द कधी हुकूम करतात? आणि केला, तर ऐकतं कोण? चार दिवस त्यांनी खाडाखोड केली, बायकोवर ते विनाकारण खेकसले. शेवटी बाईंच्या चित्रांवर पातळ कागद ठेवला आणि वाकड्या रेघा वाकड्याच गिरवल्या. गिरवताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

"वा! आता एकही चूक नाही," बाई खूश झाल्या. "पुढचं पुस्तक तुमचंच. प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात सही तेवढी करा, तुमचं नाव छापायचंय."

काकांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. ज्या कागदाचा अर्थ लागला नाही, त्यावर त्यांनी आयुष्यात सही केली नव्हती. त्यांना एकदम रडू आलं.

"नाही करत, बाई," ते म्हणाले. "मी नुसतं गिरवलंय. मला यातलं ओ की ठो कळलेलं नाही. पुढचं काम ज्याला कळतं त्याला द्या."