मद्रासला जाण्यापुरतं इंग्रजी

‘रिप्रेझेंटेटिव्ह’ हा शब्द धोंडिबांच्या तोंडात मावत नव्हता. सातव्यांदा म्हणून झाला तेव्हा त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून बाकावर ठेवलं आणि घाम पुसला.

“मास्तर, ह्यो शबूद म्हंजी वरंध्याचा घाट हाय. निम्म्यातच दम लागतोय.”

“दम घ्या आणि पुन्हा म्हणा.”

“ह्याच्यापरीस बारका न्हाई का?”

बारका होता. पण पत्रात हाच होता, आणि तोही दोनदा.

मी तेव्हा भोरला इंग्रजी शिकवत होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. भोर अजून संस्थान होतं. माझं वय सव्वीस, नोकरी तीन वर्षांची, आणि इंग्रजी व्याकरणावर माझा फार विश्वास होता. धोंडिबा पन्नाशीचे. हिर्डोशीचे शेतकरी. थोडी भातशेती, थोडी नाचणी आणि बांधाबांधावर हिरड्याची झाडं. हिरडा म्हटलं की आपल्याला औषध आठवतं. पण त्याचं खरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कातडी कमावणारे कारखाने. हिरड्याच्या तुरट रसात कातडं मुरवलं की ते टिकतं. आसपासच्या दहा गावांचा वाळवलेला हिरडा धोंडिबा गोळा करत आणि पुण्याच्या एका अडत्याकडे पोचवत. पुढं तो माल मद्रासला जाई.

त्या वर्षी अडते वारले. त्यांच्या मुलाला हा धंदा नको होता, पण माणूस सरळ होता. मद्रासच्या कारखान्याचं पत्र त्यानं धोंडिबांकडे धाडलं. इंग्रजी वाचणार कोण, म्हणून ते माझ्याकडे आलं. मजकूर चार ओळींचा. एप्रिलअखेर तुमचा रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे प्रतिनिधी, मालाचं रिप्रेझेंटेटिव्ह सॅम्पल घेऊन समक्ष आला तर सौदा पुढं चालू ठेवू. नाहीतर आम्ही माल दुसरीकडून घेऊ.

“नमुना म्हंजी चांगलं चांगलं निवडून न्यायाचं?” धोंडिबांनी विचारलं.

“नाही. जसा सगळा माल, तसाच नमुना. त्याचंच नाव रिप्रेझेंटेटिव्ह.”

“मंग हरेक गावच्या पोत्यातनं दोन दोन मुठी घेतो. आन् मानूस कोन जानार?”

जाण्यासारखं कुणी नव्हतं. मी गेलो असतो, पण वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. धोंडिबांनी पत्र घडी करून कोपरीच्या खिशात घातलं. दहा गावांतल्या घरांचं मीठमिरची, कापडचोपड त्या हिरड्यावर निघत असे.

“म्याच जातो. तुमी मला मद्रासला जाण्यापुरतं इंग्रजी शिकवा. तीन आठवडं हायेत.”

मी उत्साहानं कामाला लागलो. रात्र जागून व्होकॅब्युलरी तयार केली. व्होकॅब्युलरी म्हणजे शब्दसंग्रह. ‘अकॉमोडेशन’पासून ‘वेअरहाऊस’पर्यंत दोनशे बारा शब्द, एबीसीडीच्या क्रमानं, पुढं बाळबोध लिपीत उच्चार. वही धोंडिबांच्या हाती दिली. त्यांनी ती वजन केल्यासारखी हातात तोलली.

“मास्तर, हे समदं वाहून न्यायाला आनखी एक गडी लागंल.”

“मग काय करू या?”

“म्या इचारतो, तुमी सांगा. तान लागली तर?”

“वॉटर, प्लीज.”

“पिशवी कुनी उचलली तर?”

“माय बॅग!”

“आन् काई कळंनाच झालं तर?”

माझ्या दोनशे बारा शब्दांत ‘मला कळलं नाही’ हे वाक्यच नव्हतं. जो माणूस पहिल्यांदा परमुलखात निघालाय त्याला याच वाक्याची सगळ्यात जास्त गरज पडणार, हे इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी वही मिटली. त्या दिवसापासून धोंडिबा अडचण सांगत आणि मी शब्द देई. गाडी बदलायची असेल तर ‘विच प्लॅटफॉर्म?’ कुणी फार भरभर बोललं तर ‘स्लो, प्लीज.’ चहावाला, हमाल, टांगेवाला मागं लागले तर ‘नो, थँक यू.’ शब्द साठावर आले.

ते भोरात बहिणीकडे उतरले होते. शाळा सुटली की वर्गात येत आणि मुलांच्या बाकावर गुडघे वर करून बसत. शनिवारी हिर्डोशीला पायी जात. जाताना रस्त्याच्या एकेका वळणाला एकेक वाक्य बांधून टाकत. त्यांच्याबरोबर चाललेल्या एका गाववाल्यानं मला पुढं सांगितलं, “ओढा आला की धोंडिबा थांबतो, म्हशीकडं बगतो आन् म्हनतो, विच प्लॅटफॉर्म?”

दुसऱ्या आठवड्यात आमच्या हेडमास्तरांना पत्ता लागला. ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

“अहो जोशी, शाळेत हे व्यापाराचं इंग्रजी कुठलं काढलंत?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी पत्र मागून घेतलं, वाचलं, त्यातली स्वल्पविरामाची एक चूक दाखवली आणि म्हणाले, “तुम्ही नुसते शब्द पाठ करून घेताय. साहेबासमोर उभं राहायची सवय कोण करणार?”

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच साहेब झाले. काळा कोट, हातात छडी, टेबलामागं खुर्ची. इंग्रजी असं झाडायला लागले की माझीच पाठ ताठ झाली. धोंडिबा समोर हात बांधून उभे. हेडमास्तरांनी काहीही विचारलं की यांचं उत्तर एकच, “येस सर.”

“वा!” हेडमास्तर मला म्हणाले. “मॅनर्स उत्तम आहेत. साहेब बोलत असला की मध्ये मध्ये ‘येस सर’ म्हणायचंच. ऐकतोय असं दिसतं.”

मीही मान डोलावली. ‘येस सर’ धोंडिबांच्या जिभेवर चांगलं बसलं होतं. आम्ही दोघं खूश झालो.

चैत्रात ते निघाले. भोरहून सर्व्हिस मोटारीनं पुणे, पुण्याहून आगगाडी, रायचूरला गाडी बदलायची. बरोबर नाचणीच्या भाकरी, सुक्या मिरचीची चटणी, घोंगडी आणि नमुन्याची पिशवी. साठ शब्दांचा कागद मुंडाशाच्या घडीत. मोटार सुटताना ते खिडकीतून ओरडले, “माय बॅग!” सगळे उतारू वळून बघायला लागले. मी हात केला.

सहाव्या दिवशी पोस्टाचा शिपाई शाळेत तार घेऊन आला. मद्रासहून, माझ्या नावानं. मी ती घाईनं फोडली.

‘सॅम्पल गुड. साहेब गुड. थंब बॅड.’

मी ती घेऊन थेट हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचली.

“क्रियापद एकही नाही.”

“ते जाऊ द्या, सर. थंब बॅड म्हणजे काय?”

“थंब म्हणजे अंगठा.”

“ते मलाही ठाऊक आहे. पण तो बॅड कसा?”

हेडमास्तर गंभीर झाले. “करारावर अंगठा घेतला असेल आणि तो नाकारला असेल. वकिलाची सही पाहिजे म्हणाले असतील. जोशी, माल पसंत, माणूस पसंत, पण सौदा मोडला असणार.”

धोंडिबांना मोडीत सही येत होती. मग अंगठा कशाला दिला असेल? पुढचे चार दिवस मी परीक्षेचे पेपर तपासले, पण मन लागलं नाही. हिर्डोशीहून दोन माणसं येऊन विचारून गेली. मी त्यांना एवढंच सांगितलं की माल पसंत पडलाय. अंगठ्याचं बोललो नाही.

पाचव्या दिवशी धोंडिबा शाळेच्या पायरीशी उभे होते. उजव्या हाताच्या अंगठ्याला पेरूएवढं फडकं बांधलेलं. तोंडभर हसू.

“अहो, अंगठ्याचं काय झालं?” मी विचारलं.

“ठेचला की. तारंत लिवलं व्हतं न्हवं?”

हेडमास्तरांनी त्यांना आपल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग धोंडिबांनी जे सांगितलं ते असं.

प्रवास नीट झाला. रायचूरला ‘विच प्लॅटफॉर्म’ कामी आलं. मद्रासला टांगेवाल्यांना ‘नो, थँक यू’ म्हणत ते कागदावरचा पत्ता दाखवत पायी कारखान्यात पोचले. साहेब म्हातारा इंग्रज, तांबड्या तोंडाचा. कोपऱ्यात एक क्लार्क खाली मान घालून लिहीत बसलेला. धोंडिबांनी ‘गुड मॉर्निंग’ म्हणून नमुन्याची पिशवी टेबलावर ओतली. दहा गावचा हिरडा तो. कुठला मोठा, कुठला बारका, कुठला जरा काळपट. साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं भरभर काहीतरी विचारलं.

“म्या म्हनलं, येस सर.”

साहेबानं आणखी काही विचारलं.

“येस सर.”

तिसऱ्यांदा साहेब मोठ्यानं बोलला.

“म्या बी मोठ्यानं म्हनलं, येस सर!”

आणि साहेबानं सगळा हिरडा हातानं गोळा करून पिशवीत लोटला आणि पिशवी यांच्याकडे सरकवली.

साहेब काय विचारत होता हे धोंडिबांना मागून कळलं. यात गेल्या सालचा जुना माल मिसळलाय का? मुद्दाम मिसळलाय? आणि वर तोंडानं कबूल करतोस?

हे ऐकून मी हेडमास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. आपल्याकडे समोरचा बोलत असला की आपण ‘व्हय, व्हय’ म्हणतो. त्याचा अर्थ एवढाच की ऐकतोय, बोला. इंग्रजीतल्या ‘येस’चा अर्थ कबूल आहे असा होतो. दोघं इंग्रजी शिकवून पोट भरणारे, आणि हा फरक आमच्यापैकी एकालाही सांगता आला नव्हता.

“मंग?” माझ्याच तोंडून त्यांची बोली निघाली.

“मंग काय! हात काय बोलत्यात ते वळखाया इंग्रजी लागत न्हाई. पिशवी माघारी आली म्हंजी माल नको. दहा गावची तोंडं दिसाया लागली. नको कसं म्हनायचं, तर मला तेवढंच येत व्हतं. म्या वरडलो, नो, थँक यू सर! नो, थँक यू!”

साहेब चकित झाला. धोंडिबांनी पिशवीतून एक हिरडा काढला. जुना हिरडा आतून काळा पडतो, किडका असतो, भुगा होतो. नवा फोडला की आत पिवळा निघतो. हे दाखवायचं कसं? टेबलावर कागद दाबायला लोखंडी ठोकळा होता. ‘प्लीज’ म्हणून त्यांनी तो उचलला. साहेबाला वाटलं, हा आता डोक्यात घालतोय. तो खुर्चीसकट मागं सरकला. धोंडिबा खाली बसले, हिरडा फरशीवर धरला आणि दणका घातला. हिरडा निसटला. दणका बसला अंगठ्यावर.

“आई आई गं! मेलो रं देवा!”

कोपऱ्यातल्या क्लार्कचा टाक थांबला. तो उठून पुढं आला, वाकला आणि म्हणाला, “तुम्ही मराठी हो?”

धोंडिबांनी तोंडातला अंगठा काढला आणि म्हणाले, “व्हय!”

क्लार्क तंजावरकडचा होता. कितीतरी पिढ्यांपूर्वी त्याच्या घराण्यातले लोक तिकडं जाऊन राहिले होते. घरात अजून मराठीच बोलत. मध्येच तामिळ शब्द येत, चालही वेगळी, पण मराठीच. धोंडिबा म्हणाले, “आमच्या आज्याचा आजा बोलत आसंल, तसं बोलत व्हता बगा.”

त्यानंतर सगळं सरळ झालं. क्लार्कनं साहेबाला समजावलं. साहेबानं दहा वेगवेगळे हिरडे निवडले आणि यावेळी शिपायाकडून फोडून घेतले. दहाही आतून पिवळे. साहेबानं एक तुकडा जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि खूश झाला. म्हणाला, सगळे निवडक हिरडे आणतात, मागितलं होतं तसं सॅम्पल आणणारा हा पहिलाच. कागद झाले. धोंडिबांनी मोडीत सही केली. दुखरा अंगठा वर धरून, चार बोटांत टाक पकडून.

संध्याकाळी क्लार्क त्यांना घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिनं धोंडिबांना समोर बसवून घेतलं.

“म्हातारी म्हनली, बोल बाबा, काई बी बोल. म्या इचारलं, काय बोलू? तर म्हनली, तुझ्या गावची वाट सांग. मंग म्या भोरपासनं हिर्डोशीपत्तोर समदी वाट सांगितली. वढं, वळनं, झाडं. ती नुसती मान हलवत व्हती. सपली तर म्हनली, आता त्याच वाटंनं माघारी ये.”

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

“तार मात्र माजी म्या लिवली,” धोंडिबा म्हणाले. “थंब तेवढा त्या किलारकानं सांगितला. बरुबर हाय का?”

“अगदी बरोबर आहे,” हेडमास्तर म्हणाले. क्रियापदाचा विषय त्यांनी काढला नाही.

हिर्डोशीचा हिरडा मद्रासला जात राहिला. धोंडिबा आणखी दोनदा जाऊन आले. नंतर भोरातले आणखी काहीजण माझ्याकडे यायला लागले. कुणाला कलकत्त्याला जायचं असे, कुणाला कराचीला. प्रत्येकाला मी कामापुरतं इंग्रजी शिकवलं. पण यादीचा क्रम बदलला होता. पहिलं वाक्य, ‘इथं कुणाला मराठी येतं का?’ दुसरं, ‘मला कळलं नाही.’ तिसरा शब्द, ‘नो.’

‘येस सर’ मी सगळ्यात शेवटी शिकवत असे, तेही वेळ उरला तर.