उकळलेला कोयता

माझ्या सासूबाई, वसुंधराबाई, प्रेमळ नाहीत हे आधीच सांगून टाकते. पनवेलच्या आमच्या सोसायटीत वॉचमनसुद्धा त्यांना टरकून असतो. तेहेतीस वर्षं सरकारी नर्स होत्या. सुरुवातीची काही वर्षं खाडीतल्या एका बेटावर काढली, आणि त्या बेटाबद्दल त्यांच्या तोंडून मी आजवर एकही चांगला शब्द ऐकलेला नाही.

बेटानेही त्यांचे लाड केले नव्हते. गरोदर बायकांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला त्या होडीतून उतरल्या, की घराघरांची दारं लागायची. ही सुई घेतली की पुन्हा मूल होत नाही, अशी आवई उठली होती. एकदा तर धक्क्यावरूनच चिखलाचे गोळे मारून त्यांना परत पाठवलं. आणि इकडे बाळं मरत होती. चांगलं दूध पिणारं बाळ सहाव्या-सातव्या दिवशी तोंड मिटायचं, नुसता हात लावला तरी ताठ व्हायचं. धनुर्वातच तो, पण सटवाईने नेलं म्हणायचे आणि पुरून यायचे.

नाळ कापायची ती गंगाबाई सुईण, घरच्या कोयत्याने. तिची आणि सासूबाईंची भांडणं ऐकायला गाव गोळा व्हायचं. मग गंगाबाईची स्वतःची लेक, वेणू, पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला आली आणि तडजोड झाली. सुई नाही म्हणजे नाही, पण कोयता वीस मिनिटं उकळायचा.

गंगाबाईने शब्द पाळला. कोयता उकळला. पण पुजल्याशिवाय हत्यार कामाला लावायचं नाही, ही तिच्या घरची रीत. म्हणून त्याला गोठ्यातलं शेण आणि चुलीतली राख लावून पुजला, आणि नाळ कापली. धनुर्वाताचे जंतू शेणातच असतात. आठव्या दिवशी वेणूचा मुलगा गेला.

"उकळल्यावर काय करतेस, ते मी विचारलंच नाही," सासूबाई एकदा भाजी निवडताना म्हणाल्या.

सुईणीचाच नातू गेलेला बघून बेटावरच्या बायका सुई घ्यायला लागल्या. गंगाबाई मात्र सासूबाई दिसल्या की थुंकायची.

मागच्या महिन्यात तिचाच सासूबाईंना फोन आला. आता नव्वदीला टेकलीय, खारघरला नातीकडे असते. "ये," एवढंच म्हणाली. मी गाडी काढली.

नात म्हणजे भाविका, वेणूची धाकटी. सहावा महिना, अठरावा मजला. "आँटी, मी डिलिव्हरी घरीच करणार, एकदम नॅचरल. इंजेक्शन वगैरे बॉडीला टॉक्सिक असतं."

माझं डोकंच फिरलं. बेटावरच्या बायकांना निदान कुणी शिकवलं नव्हतं. हिच्या हातात दोन फोन, आणि अक्कल त्या दोन्हींत अडकलेली! सासूबाईंनी तिला असं काही फैलावर घेतलं, की ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. "प्लीज, तुम्ही निघा."

तेवढ्यात म्हातारी भिंतीला धरत बाहेर आली. हातात कोयता. तो तिने टीपॉयवर ठेवला.

"दार लाव," ती भाविकाला म्हणाली. "यानं मी तुज्या भावाची नाल कापली. हिनं सांगितलं ते मी अर्दंच केलं." मग सासूबाईंकडे वळली. "आन तू बी अर्दंच सांगितलंस. आता समदं सांग हिला."

सासूबाईंनी सांगितलं. एकदाही आवाज न चढवता. भाविका कोयत्याकडे बघत ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात तिने बाही वर केली. गंगाबाई बाकावर बसली होती, मुद्दाम सासूबाईंकडे पाठ करून.

सुई टोचून झाली, तरी सासूबाई हलेनात. "आणि नाळ कापल्यावर तिला काय लावणार?" त्यांनी विचारलं.

भाविकाने तोंड उघडायच्या आत बाकावरून आवाज आला.

"काय बी नाय."