पाव्हणे कुठले?

वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात होती. बंगल्याच्या मालकांनी, अण्णांनी, स्वतः आणून दिली होती. “बगून या ताई. दोन खोल्या हायत, वट्टा हाय, बाथरूम येगळं हाय.” मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. तेवढ्यात त्यांनी खालून विचारलं, “अन् ताई, पाव्हणे कुठले तुमचे?”

मी सांगितलं.

“अस्सं,” ते म्हणाले. मग हात पुढं केला. “आण ती किल्ली इकडं. रूम कालच दिलीय एकाला. माझ्या ध्यानातच न्हाई ऱ्हायलं.”

आण. दोन मिनिटांपूर्वी ‘बघून या’ होतं. आता ‘आण’. मी तीन पायऱ्या उतरले आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. खरं तर ठेवली नाही, वरून सोडली. हाताला हात लागू नये याची काळजी मीच घेतली. याची लाज मला आजही वाटते.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्या बीडकडं कुणी कुणाला सरळ जात विचारत नाही. जात विचारणं वाईट, एवढं सगळ्यांना कळतं. म्हणून पाव्हणे विचारतात. सोयरीक कुठं झाली, मामा कोण, आत्या कुठं दिली. दोन आडनावं कानावर पडली की तुम्हाला कुठं बसवायचं ते समोरचा ठरवून मोकळा होतो. विचारतो मात्र हसत, चहा पुढं करत. तुम्ही राग धरायचा म्हटलं तरी कशाचा धरणार?

माझं सासरचं आडनाव असं आहे की ते पाटलाच्या गढीवरही सापडतं आणि आमच्या वस्तीतही. लग्न ठरलं तेव्हा आई खूश झाली होती. “नाव बरं मिळालं बाई तुला,” ती म्हणाली, “झाकतंय.”

त्या दिवशी मी खरं तर रूम बघायला गेलेच नव्हते. सर्वेला गेले होते. मी डी.एड. आहे. शिक्षक भरती निघेल तेव्हा निघेल, तोवर मिळेल ते काम करते. एका संस्थेनं शहराचा सर्वे काढला होता. शहर वाढतंय, तर राहणाऱ्यांना काय वाटतं, ते घरोघर जाऊन विचारायचं. पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने, कचरा. शेवटचा प्रश्न, शहरातील सामाजिक वातावरण कसे वाटते? चांगले, बरे, वाईट. त्याखाली नागरिकाचं मत त्याच्याच शब्दांत, मग सही. सगळ्यात शेवटी सर्वे करणाऱ्याच्या शेऱ्याला एक चौकट. ती कुणी भरत नाही. संस्थेतले सर म्हणाले, तुमचं अक्षर छान आहे, तुम्ही नवीन कॉलन्या घ्या. अक्षर छान म्हणून दिल्या की आडनाव छान म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मतं भरपूर मिळाली. किराणावाले म्हणाले, “वस्ती वाढली, गिऱ्हाईक वाढलं. आपल्याला ब्येस हाय.” त्यांच्याच मागच्या गल्लीतली बाई म्हणाली, “घर बांधलं लई हौसेनं, पर नळाची वाट बगून जीव जातो.” धारूरकडून आलेले एक मास्तर म्हणाले, लेकरांच्या क्लासेससाठी आलोय, क्लासेस संपले की परत गावी. रेल्वे आली म्हणून कुणी खूश. रेल्वे आली म्हणून प्लॉट हाताबाहेर गेला, असं म्हणून कुणी हळहळलेलं. इथपर्यंत लोक मोकळं बोलायचे.

शेवटच्या प्रश्नाला मात्र आधी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचायचे. मग बोलायचे. काहीजण आवाज बारीक करून म्हणायचे, “तुमी आपल्यातल्याच, म्हणून सांगतो,” आणि दुसऱ्या समाजाबद्दल पोटात असेल ते सगळं ओकायचे. शेजारच्या घरी दुसऱ्या समाजाचा माणूस निघायचा. तो माझं आडनाव वाचून एकदम गोड व्हायचा. “वातावरण लई चांगलं हाय म्याडम.” मला दोघांचाही भरवसा वाटायचा नाही. मत शहराबद्दलचं नव्हतंच, माझ्या आडनावाबद्दलचं होतं. आणि ‘आपल्यातल्याच’ ऐकलं की मी नुसती मान हलवायची. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. ही मान मला फार छान हलवता यायची.

चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात झाकायला काही नव्हतं. तिथं लहान पोरालाही माहीत, आम्ही कुठले. शहरात आल्यावर कुणी पाव्हणे विचारले की मी ‘धारूरचे, किल्ल्याखालचे’ असं ठोकून द्यायला लागले. धारूरला माझं कुणी नाही. आयुष्यात एकदा गेले असेन, तेही शाळेच्या सहलीला.

रूमची गरज मात्र खरी होती. आम्ही नदीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहतो. नवरा पुण्याला कंपनीत आहे, सुट्टी मिळेल तसा येतो. घरमालकाला आमच्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचेत. दिवाळीपर्यंत खाली करा म्हणाला. मुलगी सहावीत आहे आणि तिची शाळा त्या नव्या कॉलनीच्या तोंडाशी आहे. आसपास रूम मिळाली नाही तर तिची शाळा सोडवायची आणि तिला गावी आईकडं ठेवायची, एवढाच रस्ता उरला होता. हुशार पोर आहे.

म्हणून अण्णांच्या हॉलमध्ये मी सोफ्यावर बसले, काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, केलेला चहा घेतला, ‘आपलीच लेक हाय’ असं अण्णा म्हणाले तेव्हा मान हलवली. मग हळूच रूमचा विषय काढला. मुलगी वर्गात पहिली येते, हेही सांगितलं. अण्णा म्हणाले, “शिक्षान रक्तातच आसावं लागतं ताई. कुणालाबी जमत न्हाई ते.” आणि ते उठून किल्ली घेऊन आले.

ते ‘रक्तात’ माझ्या डोक्यात घुसलं. जिन्यात त्यांनी पाव्हणे विचारले तेव्हा धारूर अगदी ओठावर होतं. पण डोळ्यांपुढं मामा आले. माझे मामा हेडमास्तर होऊन रिटायर झाले. पायात चप्पल नसताना शाळेत गेलेला माणूस. मला आणि माझ्या तीन मावसबहिणींना त्यांनी शिकवलं. मी मागं वळले आणि म्हणाले, “माझे मामा हेडमास्तर होते.” मग त्यांचं नाव सांगितलं. आडनावासकट. अभिमानानं. मामांचं आडनाव काहीच झाकत नाही, हे तोंडातून निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

किल्ली गेली. फॉर्म मात्र अर्धा राहिला होता. आता अण्णांनी मला आत बोलावलं नाही. पोर्चमधल्या चपलांच्या स्टँडकडं बोट करून म्हणाले, “तितं ठिवून लिही.” मी तिथं ठेवून लिहिलं. वातावरण कसं वाटतं, असं विचारलं. ठरलेला प्रश्न, विचारावाच लागतो.

“लई चांगलं,” अण्णा म्हणाले. “लिही, आमच्या कॉलनीत जातपात कुणी मानत न्हाई. समदे एका घरातल्यावानी ऱ्हातेत.”

मी लिहिलं. हो, लिहिलं. छान अक्षरात, काना मात्रा सांभाळून लिहिलं. त्यांनी सही केली. मी थँक्यू म्हणाले. थँक्यू! त्या एका शब्दासाठी मी स्वतःला पुढं कितीतरी दिवस शिव्या दिल्या.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मुलगी अभ्यास करत होती. वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, “मम्मी, आज मैत्रिणीच्या आईनं मला इचारलं, तुमचे पाव्हणे कुठले? मी म्हणले, धारूरचे. किल्ल्याखालचे. मग त्या म्हणल्या, मंग आपल्यातलेच की.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय न्हाई. आशी मान हलवली.” आणि तिनं हलवून दाखवली.

हुबेहूब माझी मान. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. शिकवायची गरजच पडली नव्हती, ती ऐकत होती. मामांनी आम्हाला अक्षरं शिकवली आणि मी माझ्या पोरीला हे दिलं. अण्णांचा राग येत होताच. पण त्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त किळस माझी आली. अण्णांनी फक्त रूम नाकारली होती. मी तर मामाच नाकारले होते, आजवर कितीतरी उंबऱ्यांवर.

सकाळी फॉर्म जमा करायचे होते. मी अण्णांचा फॉर्म बाजूला काढला. त्यांच्या मताला हात लावला नाही. ते त्यांचं मत, त्यांच्या शब्दांत. खाली शेऱ्याची चौकट कोरी होती. तिथं लिहिलं, “या घरी वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत. मी मागितल्या. किल्ली हातात दिली. पाव्हणे विचारले. मी बौद्ध आहे हे कळल्यावर किल्ली परत घेतली.” लिहिलं आणि सरळ त्या घरी गेले.

अण्णा गेटजवळ गाडी पुसत होते. मी म्हणाले, “अण्णा, फॉर्ममध्ये एक शेरा लिहिलाय. वाचून दाखवते.” आणि वाचला. वर्गात वाचतात तसा, खणखणीत.

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलंच नाही. डावीकडच्या बंगल्याकडं बघितलं, मग उजवीकडच्या. “हळू बोल की,” ते म्हणाले. “आन् हे कावून लिहिलंस? काम जाईल तुजं. वळखी हायत माज्या.”

“काल सोफ्यावर मी ‘तुम्ही’ होते,” मी म्हणाले. “आजही ‘तुम्ही’च म्हणायचं.”

ते पुन्हा गाडी पुसायला लागले. काकू दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या ना ताई. आमचं काय न्हाई ओ. शेजारपाजारचे नावं ठिवतेत.”

शेजारपाजारच्या सगळ्या घरी मी जाऊन आले होते. तेही हेच सांगतात, आमचं काही नाही, शेजारच्यांचं आहे. मी काकूंना तसं सांगितलं आणि निघाले. या वेळी मान हलवली नाही.

ऑफिसात सरांनी शेरा वाचला आणि चष्मा काढला. “असं चालत नाही म्याडम. आपण शहराचं मत घेतोय. तुमचं नाही.”

“मी कुठं राहते सर?”

त्यांनी व्हाइटनरची बाटली माझ्याकडं सरकवली. शेरा पुसा, बाकी फॉर्म चांगला आहे, म्हणाले. म्हणजे अण्णांचं ‘लई चांगलं’ अहवालात जाणार आणि माझ्या चार ओळी जाणार नाहीत. मी फॉर्म उचलून पिशवीत घातला. मी म्हणाले, “शेऱ्यासकट घ्यायचा तर घ्या. नाहीतर हे ‘चांगले’ माझ्या हातून तुम्हाला मिळणार नाही.” दुसऱ्या दिवशी माझ्या कॉलन्या दुसऱ्या मुलीला दिल्या. तिचं आडनाव मी विचारलं नाही.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “झाकलेलं बरं व्हतं गं. पोरीची शाळा जाईल.” मी चिडले नाही. तिनं झाकलं म्हणून मी कॉलेजात टिकले, हे मला माहीत आहे. पण मला आता ते जमणार नाही, एवढंच तिला सांगितलं.

मुलीलाही बसवून सगळं सांगितलं. मामा कोण, वस्ती कुठली, धारूर खोटं कसं. ती म्हणाली, “मंग मैत्रीण बोलंल का माज्यासंगं?” मी म्हणाले, माहीत नाही. तिला खोटा धीर दिला नाही.

रूम अजून मिळालेली नाही. दिवाळी तोंडावर आली आहे. रोज शाळा सुटली की आम्ही दोघी त्याच कॉलनीत फिरतो. दार उघडलं की मी रूम आहे का, असं आधी विचारत नाही. आधी सांगते, आम्ही बौद्ध. मग रूमचं विचारते. कुणी दार लावून घेतं, कुणी नजर चोरतं, एखादा विचार करून सांगतो म्हणतो. त्या ‘विचार करून सांगतो’वरही माझा विश्वास नाही. मुलगी सगळं बघते. बघू दे. तिची शाळा मी सोडवणार नाही, तिला गावी पाठवणार नाही. राहायचं ते याच कॉलनीत आणि नावगाव सांगून. सगळी दारं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन.